कील कायमची की उचलती? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा सरतो, होड्या पाण्यात उतरतात आणि जुन्या होड्यांच्या खरेदी-विक्रीची बोलणी सुरू होतात. या वेळची बरीच पत्रं कीलबद्दलची आहेत. कील म्हणजे शिडाच्या होडीच्या तळाखाली उतरलेलं वजनदार पातं. कोकणातले होडीचे सुतार ज्याला पठाण म्हणतात तो होडीचा कणा; ही गोष्ट वेगळी. कील दोन कामं करते. वारा आडवा असताना होडीला बाजूला घसरू देत नाही आणि कललेल्या होडीला परत उभी करते. ती तळाला बोल्टने पक्की असेल तर कायमची. पिनेभोवती मागे फिरून पेटीत जात असेल तर स्विंग कील, आणि खिडकीच्या झडपेसारखी सरळ वर येत असेल तर उभी उचलती.

प्रश्न : अलिबागजवळच्या खाडीत होडी ठेवायची आहे. ओहोटीला तिथे चिखल उघडा पडतो. बावीस फुटी दोन जुन्या होड्या पाहिल्या. एकीची कील कायमची, ड्राफ्ट (होडीचं सगळ्यांत खालचं टोक पाण्यात किती खोल जातं ते माप) १.२ मीटर. दुसरीची स्विंग कील, वर घेतली की ०.६ मीटर, खाली सोडली की १.५. विकणारे म्हणतात, उचलत्या कीलमुळे खाडी दिवसभर खुली राहते. खरं का?

उत्तर : भांगाला (अष्टमीच्या सुमाराची छोटी भरती-ओहोटी) खरं, उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेची मोठी) नाही. हिशेब करून बघू.

आधी तुमच्या बोयाखालचा (होडी बांधायच्या तरंगत्या खुणेखालचा) तळ किती उंच आहे ते काढा. ओहोटी उतरत असताना पाणी ज्या क्षणी तुमच्या जागेवरून हटतं ती वेळ टिपा. भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून त्या वेळची पाण्याची उंची काढली की तीच तुमच्या तळाची उंची. दोन-तीन वेगळ्या दिवशी बघा, सरासरी घ्या. तुम्ही हा आकडा लिहिलेला नाही, म्हणून तो १ मीटर धरतो.

मुंबईच्या अपोलो बंदराला उधाणाची सरासरी ओहोटी साधारण ०.८ मीटर, भरती ४.४. भांगाला ओहोटी १.९, भरती ३.३. तुमच्याकडे फार फरक पडणार नाही. पाणी सहा तासांत चढतं, पण एकसारखं नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. उधाणाचा चढ ३.६ मीटर, म्हणजे बारावा हिस्सा ०.३. ओहोटीपासून दर तासाची उंची अशी येते : ०.८, १.१, १.७, २.६, ३.५, ४.१, ४.४.

कायमच्या कीलला तळ १ मीटर, ड्राफ्ट १.२ आणि फूटभर मोकळीक मिळून २.५ मीटर पाणी लागतं. ते ओहोटीनंतर तीन तासांना थोडा वेळ असतानाच मिळतं. म्हणजे भरतीच्या आधी तीन तास आणि नंतर तीन तास, एकूण सव्वासहा तासांच्या आसपास होडी तरंगते. स्विंग कील वर असेल तर १.९ मीटर पुरतं आणि ते सव्वादोन तासांनी मिळतं. एकूण साडेसात तास. म्हणजे उधाणाला कील उचलून कमाई काय, तर दोन्ही टोकांना चाळीस-चाळीस मिनिटं. पाणी तिथे इतक्या वेगाने चढतं की साठ सेंटिमीटरचा फरक ते पाऊण तासाच्या आत भरून काढतं.

आता भांग, म्हणजे अष्टमीच्या पुढचे-मागचे दिवस. कायमच्या कीलला तोच २.५ मीटरचा आकडा ओहोटीनंतर पावणेतीन तासांनी मिळतो, होडी साडेसहा तास तरंगते. स्विंग कीलला लागणारे १.९ मीटर मात्र ओहोटीतही आहेत. काठावर आहेत, पण आहेत. त्या दिवसांत तुमची होडी खरोखर दिवसभर तरंगते. विकणाऱ्याने तुम्हाला भांगाचं सांगितलंय.

तरीही तुमच्या जागेसाठी आम्ही स्विंग कीलच घेऊ, पण कारण वेगळं आहे. कायमच्या एका पात्याची होडी ओहोटीला चिखलात कुशीवर पडते. चिखल लोण्यासारखा मऊ असेल तर कील रुतून ती उभी राहतेही, पण दोन हातांवर जुन्या जेट्टीचे दगड असले की होडी फुटायला तेवढं पुरतं. कुशीवर पडलेली होडी भरती आली की आधी उठायला हवी; रुंद, उघड्या कॉकपिटची (मागच्या बाजूला बसायच्या खळग्याची) होडी तशी वेळेवर उठत नाही, पाणी कठड्यावरून आत येतं आणि बोयाला बांधलेली होडी जागच्या जागी भरते. स्विंग कीलची होडी पोटावर बसते. हे दिवसातून दोनदा, ऑक्टोबर ते मे, दर उधाणाला होणार आहे. रोज कुठे बसायचं आहे यावरून कील ठरवा. कुठे फिरायचं आहे ते नंतर.

दोन गोष्टी बघून घ्या. सुकाणू किती खोल जातं? कील ०.६ वर आणली आणि सुकाणू ०.८ वर पक्कं असेल तर होडी सुकाणूवर बसेल आणि मागच्या फळीवरची त्याची बिजागरी उपटेल. ते वर उचलता येणारंच हवं. दुसरं, खोलीमापक काय दाखवतो? तो त्याच्या सेन्सरपासून मोजतो, कीलपासून नाही. आकडा पाण्याच्या पृष्ठभागापासून यावा असा लावून घ्या, आणि सुकाणूच्या दांड्याजवळ रंगाने दोन आकडे लिहा : वर ०.६, खाली १.५. कील अर्धी आहे की पूर्ण खाली हे माणूस विसरतो.

प्रश्न : कील वर घेऊन शिडाच्या जोरावर गेलं तर होडी उलटते का? ठाण्याच्या खाडीत एकाने हसत हसत सांगितलं की काही होत नाही.

उत्तर : होडी कोणती यावर आहे. काही होड्यांत सगळं वजन तळाच्या बुटक्या, पक्क्या कीलमध्ये ओतलेलं असतं आणि खाली सोडायचं पातं हलकं, फक्त घसरण थांबवायला असतं. इंग्लंडमधली कॉर्निश श्रिंपर १९ तशी. पातं वर असताना ड्राफ्ट ०.४६ मीटर, खाली १.२२. तिथे पातं उचललं तर होडी आडवी घसरेल, पण परत उभी राहण्याची ताकद फारशी जात नाही.

जिथे पातं हेच वजन आहे तिथे गणित वेगळं. अमेरिकेतल्या कॅटलिना २२ चं उदाहरण घेऊ. स्विंग कीलची होडी सुमारे १,०२० किलो, त्यातली ओतीव लोखंडाची कील सुमारे २५० किलो. कील वर घेतल्याने तिचं वजन अर्धा मीटरहून थोडं अधिक, समजा ५५ सेंटिमीटर, वर आलं. अडीचशे किलो गुणिले ०.५५ मीटर म्हणजे सुमारे १३७ (हे अंतर नव्हे, होडीला उभी करणाऱ्या जोराचं माप). होडी ३० अंश कलली असताना त्याचा निम्मा भाग लागू होतो, सुमारे ६९. सरळ भाषेत, वाऱ्याच्या बाजूच्या कठड्याला धरून एक मीटर बाहेर बसलेला सत्तर किलोचा माणूस तुम्ही उठवून घरी पाठवलात. होडी ९० अंशांवर आडवी झाली तर अशी दोन माणसं गेली.

आणि खरी भीती याहून पुढची. कील खाली आहे, पण अडकवलेली नाही. वाऱ्याच्या झोताने होडी नव्वद अंशांपलीकडे गेली. आता कीलचं वजन तिला पेटीत परत ओढतं आणि जे वजन होडीला उभी करणार होतं तेच तिला उलटी धरून ठेवतं. म्हणून अशा होड्यांना कील खाली अडकवायचा बोल्ट असतो. खोल पाण्यात, वारा वाढण्याच्या आधी तो आवळा. उथळात शिरण्याच्या आधी सोडा, कारण आवळलेली कील तळ लागल्यावर मागे फिरत नाही. धक्का सगळा पिनेवर जातो. अडकवण्याची सोयच नसेल तर ती होडी खाडीच्या आणि तलावाच्या कामाची समजा.

कील वर असताना शिडावर जायचंच तर वारा पाठीमागून असताना, हलका असताना, आणि पूर्ण वर न घेता तिसरा हिस्सा खाली ठेवून. पूर्ण वर घेतली की होडी डुलायला लागते आणि सुकाणूला धरायला काही उरत नाही. अजून एक : स्विंग कील वर येताना मागे सरकते. वाऱ्याच्या तोंडाकडे वळायची सवय असलेली होडी मग उलट वागते, हात सुटला की वाऱ्यापासून दूर पळते. नवख्याच्या हातात दांडा द्यायच्या आधी हे त्याला सांगा.

प्रश्न : मालवणला स्विंग कीलची जुनी होडी घेतली. नांगरावर असताना पेटीतून ठक-ठक आवाज येतो, आणि वेग आला की गुणगुण होते. काय बघायचं?

उत्तर : दोन वेगळे आवाज, दोन वेगळी कारणं. गुणगुण निरुपद्रवी. कील उचलायची पोलादी दोरी पाण्याच्या प्रवाहात तारेसारखी वाजते. कील पूर्ण खाली असताना विंच (दोरी गुंडाळायचा हाताचा रहाट) अर्धा फेरा घट्ट किंवा सैल करून बघा, सूर बदलला तर दोरीच.

ठक-ठक मात्र पिनेची. कील ज्या पिनेवर फिरते ती आणि कीलचं भोक यांत ढिलाई आली आहे. प्रत्येक लाटेला अडीचशे किलोचं लोखंड काही मिलिमीटर डावीकडे जातं, काही उजवीकडे. हळूहळू गोल भोक अंडाकृती होतं, पिनेला मधोमध कंबर येते. पिनेचं स्टेनलेस, कीलचं लोखंड आणि समुद्राचं खारं पाणी एकत्र आलं की लोखंड आणखी लवकर झिजतं.

होडी वर काढून मजबूत टेकूंवर ठेवा, कील जमिनीपासून हातभर उंच राहील अशी. ट्रॉलीजॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवून कीलच्या मधल्या भागाला आधार द्या. दोरी सैल करा पण काढू नका. जॅक घसरला तर तीच शेवटचा आधार आहे. खाली कुणी झोपून काम करणार नाही हे आधी ठरवा. मग पिन धरणाऱ्या कड्यांचे बोल्ट एक इकडचा, एक तिकडचा असे सोडत न्या आणि जॅक उतरवत कील खाली घ्या. पिन पुसून व्हर्नियरने दोन ठिकाणी मोजा : टोकाला, जिथे झीज नाही, आणि मधे, जिथे कील बसते. अर्ध्या मिलिमीटरहून अधिक फरक दिसला तर आम्ही पिन बदलतो. भोक अंडाकृती असेल तर नवी पिन एकटी महिनाभरही टिकणार नाही. भोक लेथवाल्याकडून गोल करून त्यात बुश (भोकात घट्ट बसणारी आखूड नळी) बसवून घ्या. कील आणि कड्यांमधली बाजूची ढिलाई प्लॅस्टिकच्या जाड वॉशरने भरा, पण दोन्हीकडे मिलिमीटरभर सोडा. अगदी घट्ट केली तर गंज फुगून कील अडकते.

कील खाली आलीच आहे तर तिचा गंजही काढा. ग्राइंडरला वायरची वाटी लावून चकचकीत धातूपर्यंत जा. कोकणच्या दमट हवेत उघडं लोखंड दोन-तीन तासांत तांबूस होतं, म्हणून घासलेल्या दिवशीच, दुपारच्या जेवणाआधी, इपॉक्सी प्रायमरचा पातळ केलेला पहिला हात मारा. नंतर चार हात पूर्ण जाडीचे. तांब्याचा अँटिफाउलिंग रंग (तळाला समुद्री जीव चिकटू न देणारा) त्याच्यावर. थेट लोखंडावर तो लावला तर रंगच लोखंड खातो.

दोरी चिंधीने पुसत जा. चिंधी कुठे अडकली तर तिथे तार तुटली आहे. एक तार तुटली की दोरी बदला. विंच ब्रेकवाली हवी, हँडल सोडलं तरी जागच्या जागी थांबणारी. दातऱ्याच्या साध्या विंचचं हँडल हातून सुटलं तर मनगट मोडतं, आणि मोकळी सुटलेली कील पेटीच्या टोकावर आदळून फायबरला तडा देते. दोरी ज्या रबरी नळीतून आत येते तिच्या दोन्ही टोकांचे क्लिपही बघून घ्या. ती नळी पाण्याच्या पातळीखाली आहे, आणि होडीत रोज ओंजळभर पाणी येतं अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा ते तिथूनच येतं.

पेटीत चिखल ठासून कील अडकणे हा मालवणपेक्षा मुंबई बंदराचा रोग, पण बार्नॅकल (पाण्याखाली चिकटून वाढणारे कवचाचे जीव) सगळीकडे. आठवड्यातून एकदा, होडी तरंगत असताना, कील पूर्ण खाली-वर चार वेळा करा. पंधरा दिवस बसून राहिलेली पेटी आतून खवल्यांनी भरते. अडकलीच तर वरच्या झाकणातून लाकडी दांड्याने ढकला; लोखंडी पहारीने ढकलून पेटी फोडलेल्या होड्या कमी नाहीत.

प्रश्न : मग कायमची कील घेतली की हे सगळं वाचतं ना? मुंबईत वापरलेली होडी बघतो आहे.

उत्तर : पिन, दोरी, विंच, पेटी एवढं वाचतं. शिवाय केबिनच्या मधोमध पेटीची भिंत येत नाही आणि वजन तळाशी कायम राहतं. मुंबईत नेहमी दिसणाऱ्या जे/२४ या होडीचा ड्राफ्ट १.२२ मीटर आहे. खोल पाण्यातल्या बोयावर कायम राहणाऱ्या होडीला याहून साधी सोय नाही. पण 'कायमची' म्हणजे बघायची गरज नाही असं नव्हे. मे २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये 'चीकी राफिकी' या होडीची बोल्टने जोडलेली कील सुटली आणि तिच्यावरचे चौघेही गेले. ब्रिटिश तपासाने आधीच्या तळ लागण्यांकडे आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांकडे बोट दाखवलं.

तुम्ही बघता ती होडी क्रेनच्या पट्ट्यांवर लटकताना बघा, टेकूंवर बसल्यावर नाही. लटकताना कीलचा सांधा खाली ओढला जातो. कील आणि तळ यांच्यामधे, पुढच्या टोकाला, केसाएवढी फट उघडते का? अमेरिकेतले खलाशी तिला 'स्माइल' म्हणतात. नुसता रंग तडकलेला असेल तर फार काही नाही. फटीतून तपकिरी पाणी ओघळत असेल, होडी वर येऊन तास झाला तरी थेंब थांबत नसेल, तर पाणी बोल्टांपर्यंत पोचलं आहे. एकाने पट्टा धरावा, दुसऱ्याने कीलचं खालचं टोक हाताने डावी-उजवीकडे हलवावं. होडी आणि कील एकत्र हलली पाहिजे. कील आधी हलली तर खरेदी तिथेच थांबवा.

मग आत जा. तळफळ्या उचलून कीलच्या मागच्या टोकाच्या वरचा भाग टॉर्चने बघा. होडी वेगात खडकावर गेली की कीलचं पुढचं टोक थांबतं आणि मागचं टोक वर, होडीच्या पोटात घुसतं. म्हणून तळ लागल्याची खूण तळाखाली कमी आणि इथे जास्त सापडते : तळाच्या आडव्या पट्ट्यांच्या कडेला पांढरी रेघ, फायबरचा सुटलेला थर (नाण्याने ठोकलं तर बद्द आवाज देणारा), घासायला लागलेलं केबिनचं दार. कील बाहेरून चकचकीत आणि आत ही रेघ, असं असेल तर कील कशासाठी रंगवली ते कळलं. विकणाऱ्याने 'नुकतीच रंगवली' म्हटलं की आम्ही खिशातून नाणं काढतो.

नट चकाकतो म्हणून बोल्ट चांगला असं नाही. स्टेनलेस उघड्या हवेत टिकतं. पण सांध्यातल्या ओल्या, प्राणवायू नसलेल्या फटीत ते खड्डे पडून झिजतं, आणि वर जाड दिसणारा बोल्ट आत पेन्सिलीएवढा उरलेला असतो. ज्या बोल्टापाशी बिल्जचं (होडीच्या आतल्या तळाचं) पाणी साचतं तो एक काढून बघायची अट सौद्यात घाला. तो चांगला निघाला तर बाकीच्यांबद्दल विश्वास ठेवायला आधार मिळतो. विकणारा नकार देत असेल तर किंमत तो बोल्ट वाईटच आहे असं धरून बोला.

प्रश्न : गोव्यात मांडवीच्या तोंडावरून समुद्रात जायचं आहे. उथळ वाळूचा पट्टा ओलांडताना उचलती कील बरी ना?

उत्तर : पट्टा ओलांडायची वेळ निवडणं कीलपेक्षा महत्त्वाचं. ओहोटीचं पाणी बाहेर येत असेल आणि समोरून लाट आत येत असेल तर पट्ट्यावर लाटा उभ्या राहतात आणि फुटतात. भरतीच्या शेवटच्या दोन तासांत, सकाळी, वारा उठण्याआधी जा. पाणी मोजताना लाटेची निम्मी उंची वजा करा, कारण तळ लाटेच्या खळग्यात लागतो. चार मीटर पाणी, दीड मीटरची लाट, तर खळग्यात सव्वातीनच राहतं. कायमची कील खळग्यात टेकली तर पुढची लाट होडीला उचलून पुन्हा आपटते. उचलती कील अर्धी वर ठेवून जा. पूर्ण वर घेतली तर आडव्या लाटेत होडी सरळ राहत नाही.

पावसाळ्यात हा प्रश्न उरत नाही. तेव्हा मांडवीच्या तोंडावर वाळू चढते. खनिजाच्या बार्जसुद्धा त्या दिवसांत कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीकडे वळायच्या.

प्रश्न : पुण्याजवळच्या धरणात होडी ठेवली तर?

उत्तर : स्विंग कील. मेपर्यंत पाणी इतकं खाली जातं की उतरायचा रस्ता संपून चिखल लागतो आणि होडी ट्रेलरवर घ्यावी लागते. धरणाच्या तळाशी बुडालेले बांध, झाडांचे बुंधे असतात. स्विंग कील त्यांना लागली की मागे फिरते, सरळ वर येणारी कील फिरत नाही, पेटीत वाकून अडकते.

प्रश्न : मुंबई बंदरात जाळ्यांची फार भीती वाटते. कुठली कील जाळ्यात कमी अडकते?

उत्तर : डोल जाळ्यांचे (खुंटांना बांधून प्रवाहात लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांचे) दोर आणि खुंट बघता, खाली बल्ब (टोकाला फुगीर वजन) असलेली सरळ उभी कील सगळ्यांत वाईट. बल्बच्या पुढच्या टोकाला दोर आकड्यासारखा बसतो. मागे झुकलेल्या पात्यावरून दोर घसरून जातो, आणि सुकाणूला लागतो. स्विंग कीलचा इथला खरा फायदा अडकल्यानंतरचा. शिडं उतरवा, प्रोपेलर बंद, कील पूर्ण वर घ्या, सुकाणू उचला. प्रवाह होडीला दोरावरून काढून नेतो. पन्नासपैकी एखाद्या वेळीच दोर कापावा लागतो, आणि तो कुणाच्या पोटापाण्याचा दोर आहे हे लक्षात ठेवा.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये एसेक्सला राहतो. ब्लॅकवॉटर नदीच्या चिखलात मूरिंग (होडी कायम बांधून ठेवायची जागा) मिळतं आहे. इथे सगळे दोन कीलच्या होड्या सुचवतात. उचलती घेऊ की दोन कीलची?

उत्तर : तुमचे शेजारी बरोबर सांगतात. तिथल्या नद्यांत दोन बाजूंना दोन बुटक्या कील असलेली होडी पिढ्यानपिढ्या चालते, कारण ती कील न हलवता ओहोटीला उभी राहते. वेस्टर्ली सेंटॉर, १९६९ पासूनची, २६ फुटी, ड्राफ्ट ०.९ मीटर, दोन हजारांहून अधिक बनल्या. तिथल्या बाजारात आजही सहज सापडते. बिघडणारं काही नाही, पेटी नाही, केबिन मोठी. वाऱ्याच्या तोंडाकडे जाताना एक कीलवाल्यापेक्षा थोडी मागे पडते, एवढं द्यावं लागतं.

तपासायचं ते एकच. दोन कील बाहेरच्या बाजूला झुकलेल्या असतात, त्यामुळे दर ओहोटीला होडीचं वजन त्यांना बाहेर फाकवतं. कीलच्या बरोबर वर, आतल्या बाजूने, बाकाखाली फायबरला लांबलचक तडे आहेत का ते बघा. सेंटॉरच्या सुरुवातीच्या होड्यांत ही जागा मजबूत करून घ्यावी लागते. आधीच केलेली असेल तर ती होडी जास्त पैसे देऊनही घ्यावी. बोया लावायच्या आधी ओहोटीला चिखलात चालून जा. एक कील खड्ड्यात आणि एक टेकाडावर बसली तर तळ सहा तास पिळतो, आणि चहाचा कप टेबलावर राहत नाही.

कारमागे ट्रेलरवर होडी नेऊन दर सुट्टीला वेगळ्या पाण्यात उतरायची इच्छा असेल तर मात्र उचलती घ्या.

प्रश्न : जे/७० या शर्यतीच्या होडीची कीलसुद्धा वर येते म्हणतात. मग ती उथळात का नेत नाहीत?

उत्तर : ती कील ट्रेलरवर ठेवायला आणि उतरत्या धक्क्यावरून पाण्यात सोडायला वर येते. पाण्यात ती खाली, पक्की, १.४५ मीटर. क्रेनशिवाय उतरता यावं एवढंच त्या उचलण्याचं काम. जाहिरातीत 'उचलती कील' वाचलं की पहिला प्रश्न हाच विचारा : माणूस एकटा, पाण्यात, हाताने उचलू शकतो का?

प्रश्न : जून ते सप्टेंबर होडी बाहेर असते. कील कशी ठेवायची?

उत्तर : कायमची कील रेल्वेच्या स्लीपरसारख्या जाड लाकडांवर बसवा. सगळं वजन कीलवर, बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळायला. टेकूखालचा तळ हाताने दाबून बघा; आत गेला असेल तर टेकूवर वजन आलंय, अर्धा फेरा सैल करा. ताडपत्रीची दोरी टेकूंना कधी बांधू नका, वादळात ताडपत्री टेकू ओढून नेते. नाळ (होडीचं पुढचं टोक) थोडी वर ठेवा म्हणजे कॉकपिटचं पाणी मागे निघून जाईल.

स्विंग कील चार महिने दोरीवर टांगून ठेवू नका. लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवा, दोरीचा ताण पूर्ण काढा, विंचचं हँडल काढून घरी न्या. पेटी गोड्या पाण्याच्या पाइपने धुवा, जस्ताचा अॅनोड (कीलऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) निम्म्याहून जास्त झिजला असेल तर आत्ताच बदला, आणि सप्टेंबरमध्ये होडी पाण्यात सोडण्याच्या आदल्या दिवशी, क्रेनच्या पट्ट्यांवर असतानाच, कील एकदा पूर्ण खाली सोडून वर घ्या.